सतरंजीचा रिकामा कोपरा

मी एक जुनी सतरंजी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी चटकन कोणावर विश्वास ठेवत नाही. माझ्यावर बसायला येणाऱ्या माणसाचा चेहरा मला नीट दिसत नाही. मला दिसतात त्याचे तळपाय, गुडघे आणि हाताची बोटं. पण तेवढं पुरतं. खरं बोलणाऱ्याची बोटं मांडीवर निवांत पडलेली असतात. काही लपवणारा माणूस मात्र माझा धागा ओढत बसतो. तोंडाने "तसं काही नाही हो" म्हणतो आणि नखाने माझा एक दोरा उकरतो. माझ्या अंगावर जिथे जिथे दोरे वर आलेले दिसतील, तिथे तिथे कोणीतरी काहीतरी लपवलं आहे असं समजा.

माझा जन्म तुरुंगातल्या मागावरचा. तिथे कैद्यांना सतरंज्या विणायला शिकवत. माझा विणकर अबोल होता. एक लाल पट्टा, एक निळा, मध्ये पांढरा, असं तो विणत जाई आणि लोखंडी पंजाने प्रत्येक धागा ठोकून बसवी. शेजारच्या मागावरच्या माणसाला तो एकदाच म्हणाला होता, "हिच्यावर बसून माणसं भांडणार. सैल विणून कसं चालेल?" माझ्या विणकराला माझं पुढचं आयुष्य कसं कळलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

तिथून मी पुण्यात धायरीच्या पलीकडे, चिलारीच्या टेकडीखालच्या वस्तीत आले. वस्तीतल्या विहारात मला जागा मिळाली. बुद्ध पौर्णिमेला मी अंथरली जाई, बाळाच्या नामकरणाला, लग्नाच्या बोलणीला आणि शोकसभेलाही. वस्तीत दुसरी मोठी जागा नव्हती, त्यामुळे सगळ्यांच्या बैठका विहारातच होत. जुन्या गावातले शेळ्या पाळणारे लोक येत, विहार बांधणारी बौद्ध कुटुंबं येत, आणि विदर्भातून कामासाठी येऊन इथेच राहिलेले लोकही येत. बैठक संपली की मला झटकून, घडी घालून, कपाटावर ठेवत. ती माझी चांगली वर्षं. "काय दणकट आहे हो ही," असं पाहुणे म्हणत, आणि मी मनातल्या मनात त्या अबोल विणकराला नमस्कार करी.

मग ती पहिली सभा झाली. नऊ वर्षं झाली असतील.

एका कार्यालयातले साहेब टेकडीविषयी बोलायला आले. कुठल्या कार्यालयातले ते मी सांगणार नाही. माझ्यावर बसून गेलेल्याची ओळख मी बाहेर सांगत नसते. त्यांनी येताना चहाची किटली आणली होती, बिस्किटं आणली होती आणि एक कोरा कागद आणला होता. दारातच ते म्हणाले, "आधी हजेरीची सही करा, मग चहा घ्या, मग निवांत बोलू." वस्तीने सह्या केल्या. ज्यांना येत नव्हती त्यांनी अंगठे उठवले. चहा झाला. बोलणं काही फारसं झालं नाही, कारण साहेबांना दुसरीकडे जायचं होतं.

चार महिन्यांनी टेकडीच्या खालच्या उताराला भिंत आली. आत बाकं आली, कारंजं आलं आणि फाटकावर पाटी आली, जनावरांना मनाई. वस्तीतले लोक विचारायला गेले, तेव्हा त्यांना त्यांच्याच सह्यांचा कागद दाखवण्यात आला. वरच्या बाजूला नंतर टाइप केलं होतं, "ग्रामस्थांची संमती आहे."

मित्रांनो, तेव्हापासून वस्तीने एक रीत पाडली. टेकडीवरच्या कुठल्याही सभेत चहा आपला, पेन आपलं आणि सही सगळ्यात शेवटी. हजेरीच्या कागदावर सर्वांत आधी मोठ्या अक्षरात लिहायचं, "ही फक्त हजेरी आहे, संमती नाही." हे लिहिण्याचं काम सीतारामकाकांचं. ते पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले, विहाराची किल्ली त्यांच्याकडे. आयुष्यभर लोकांचे कागद पोचवले, त्यामुळे कागदाचा त्यांना भारी संशय. जन्मदाखलासुद्धा ते उलटा करून मागची बाजू वाचतात.

गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर बातमी आली की आता टेकडीचा वरचा भागही संरक्षित होणार. तिथे मोर आहेत, ससे आहेत, लहान कोल्ह्यासारखं खोकड आहे. नव्या वन अधिकारी येत्या रविवारी सकाळी लोकांशी बोलायला येणार होत्या. त्यांचं नाव उत्कर्षा.

शनिवारी दुपारी वस्ती आधी आपापसात बसली. अर्थात माझ्यावरच.

सगळ्यांत पुढे द्वारकाबाई होत्या. वय साठीच्या पुढचं, चौदा शेळ्या, आणि आवाज असा की शेळ्या टेकडीच्या दुसऱ्या अंगाला असल्या तरी ऐकतात. टेकडीच्या उत्तरेला, चिलारीच्या काट्यांच्या आड, एक झिरा आहे. खडकातून पाणी झिरपतं आणि हातभर खड्ड्यात साठतं. होळीनंतर ओढा आटला की शेळ्यांना तेवढंच पाणी. तो झिरा गेला तर उन्हाळ्यात द्वारकाबाईंना शेळ्या विकाव्या लागणार, आणि शेळ्यांशिवाय त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"झिऱ्याचं नाव कुणी काढायचं न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्यास्नी पानी दिसलं की संपलं. तिथंबी कारंजं बसवतील."

"विचारलं तर?" सीतारामकाकांनी विचारलं.

"काटं हायती म्हनायचं. खोटं कुठंय? हायतीच की."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वैजनाथनेही डोलावली. वैजनाथ वाशीमकडचा, टेकडीपलीकडच्या नव्या इमारतींमध्ये रखवालदार. आपली एक शेळीसुद्धा नसताना रोज पहाटे कामावरून येताना झिऱ्यातला गाळ काढून येणारा तो एकटाच.

रविवारी उत्कर्षा मॅडम आल्या. बूट बाहेर काढून आत आल्या. पायमोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला तेवढंच दिसलं.

"मॅडम, खुर्ची आणतो," सीतारामकाका म्हणाले.

"नको. सगळे खाली बसलेत ना."

"सगळे खालीच बसतात. खुर्ची साहेबांसाठी ठेवलेली आहे. तिच्यावर बसून कोणी आमचं भलं केलेलं नाही, पण ठेवली आहे."

मॅडम हसल्या आणि माझ्या लाल पट्ट्यावर मांडी घालून बसल्या. सोबत आणलेला छापील नकाशा त्यांनी पसरला. नकाशावर बारीक रेषा होत्या आणि इवलाली अक्षरं. द्वारकाबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "ह्यात माझं घर कुठंय?"

मॅडमनी बराच वेळ शोधलं. "यात घरं दाखवलेली नाहीत."

"मग हे आमच्या टेकडीचं न्हाई."

मॅडमनी नकाशाची गुंडाळी केली. "बरं. मग तुम्हीच मांडा. जंगल राखायचं तर तिथे कोण जातं, कधी जातं, कशासाठी जातं, ते आराखड्यात यायला हवं. कार्यालयात बसून मला ते कळणार नाही."

"कळून काय करनार? आमी सांगायचं आन तुमी कुंपान घालायचं."

"कुंपण कुठे घालायचं आणि कुठे नाही, तेच ठरवायला आले आहे, मावशी."

 मग सीतारामकाकांनी माझा निळा पट्टा बोटाने दाखवला. "समजा हा ओढा. आणि हा लाल म्हणजे टेकडीचा माथा." कोणीतरी चिंचोके आणले, कोणी झाडूच्या काड्या, कोणी वाटीभर ज्वारी. हळूहळू वस्ती मांडू लागली. शेळ्या चरतात तिथे चिंचोके ठेवले. दसऱ्यानंतर गवत कापतात तिथे काड्या. बायका भाजीला टाकळा आणि कुर्डू खुडतात तिथे ज्वारीचे दाणे. "अहो, तिथं न्हाई, अलीकडं," "तुझ्या बकऱ्या कधीपासून तिथं जायला लागल्या गं?" असं बोलणं सुरू झालं. इतक्या वर्षांत माझ्यावर लग्नं ठरली, भांडणं झाली, पण माझ्या अंगावर आख्खी टेकडी उभी राहिली ती त्याच दिवशी. खोटं कशाला सांगू, मला थोडा अभिमान वाटला.

फक्त उत्तरेचा कोपरा रिकामा राहिला.

मॅडमचं बोट त्या कोपऱ्यावर आलं. "इथे कोणी जात नाही?"

"काटं हायती," द्वारकाबाई म्हणाल्या.

"उन्हाळ्यातसुद्धा नाही?"

"काट्यांना उन्हाळा काय आन पावसाळा काय."

त्याच क्षणी, मित्रांनो, त्या कोपऱ्याभोवती बसलेल्या सहा जणांची बोटं माझे धागे ओढत होती. द्वारकाबाईंनी तर एक निळा दोरा पार तुटेपर्यंत ओढला.

मॅडमनी उभं राहून माझा फोटो काढला, वहीत बरंच लिहून घेतलं आणि निघाल्या. दारात सीतारामकाकांनी विचारलं, "सही कुठे करायची?"

"आज सही नको. पुन्हा येईन, तेव्हा बघू."

त्या गेल्या. मग कौशल्या म्हणाली, "सही मागितली नाही." कौशल्या बचतगट चालवते, तिला कागदांची सवय. "म्हणजे आधीच कुठूनतरी घेतली असणार."

सगळ्यांना ते लगेच पटलं. मलाही पटलं, हे कबूल करते.

पौषात कच्चा आराखडा आला. मारुतीच्या देवळापाशी फलकावर लावला. एक महिन्यात हरकती द्या, असं खाली लिहिलं होतं. चराईच्या वाटा तशाच होत्या, गवताचा उतार तसाच होता, भाजीच्या जागाही होत्या. पण उत्तरेच्या कोपऱ्यावर गडद हिरवा रंग दिला होता आणि आत लिहिलं होतं, "पूर्ण बंद क्षेत्र. मानवी वापर नाही." भोवती कुंपणाची रेघ होती.

झिरा बरोब्बर तिच्या आत.

त्या संध्याकाळची बैठक मी विसरणार नाही.

"कुणीतरी सांगितलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "उगाच का नेमका तोच कोपरा उचलला?"

कोणी नाव घेतलं नाही. पण सगळे गुडघे थोडेथोडे वैजनाथच्या दिशेने वळले. त्याच्या इमारतीतले लोक सकाळी टेकडीवर चालायला येतात, दुर्बिणीतून पक्षी पाहतात, त्यांची मोठ्या लोकांत ऊठबस असते. आणि रोज पहाटे झिऱ्यावर जातो तो वैजनाथच.

"म्या काऊन सांगू?" वैजनाथ म्हणाला. "त्या झिऱ्याचा गाळ कोण काढते?"

"तेच तर म्हनते मी. तुझ्या तिथं काय शेळ्या हायती का? मग गाळ कशापायी काढतुस?"

वैजनाथ उठला. त्याच्या तळपायांना चिलारीचे जुने काटे लागलेले होते, काळे ठिपके दिसत होते. "पाणी साफ राहावं म्हणून," एवढंच म्हणाला आणि गेला. त्याची बोटं माझ्या एकाही धाग्याला लागली नव्हती. मला ठाऊक होतं तो खरं बोलतोय. पण सतरंजीला कोण विचारतं? त्या दिवसानंतर तो विहारात आला नाही, आणि झिऱ्यावर जाणंही त्याने सोडलं. झिऱ्यात पानं कुजू लागली.

हरकतींची मुदत संपायला आठ दिवस उरले, तेव्हा मॅडम पुन्हा आल्या. वस्ती जमली, ती भांडायच्या तयारीने. या वेळी कोणी खुर्चीचं विचारलंही नाही.

सीतारामकाकांनी थेट विचारलं, "मॅडम, एकच सांगा. त्या कोपऱ्याविषयी तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"आम्ही? आम्ही तर त्याविषयी अवाक्षर काढलं नाही."

"हो. म्हणूनच."

त्यांनी पिशवीतून फोटो काढला, वहीएवढा मोठा केलेला. तो माझाच होता. माझ्यावर सगळीकडे चिंचोके, काड्या, ज्वारी. आणि उत्तरेचा कोपरा रिकामा.

"प्राण्यांसाठी थोडी जागा पूर्ण बंद ठेवायची, असा नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "जिथे कोणी जात नाही ती जागा घेतली, तर कोणाचं नुकसान होणार नाही, असं मला वाटलं. तिथे खोकडाची, सशांची पावलंही खूप दिसतात, असं आमच्या वनरक्षकांनी कळवलं होतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पाण्याशिवाय एवढी पावलं कशी उमटतील? पण तुम्ही काटे म्हणालात, मी काटे लिहिले. माझं चुकलं. स्वतः चालत जायला हवं होतं."

फोटो हातोहात फिरला. द्वारकाबाईंकडे आला तेव्हा त्यांनी तो डोळ्यांपाशी धरला. नंतर खाली ठेवून त्या माझ्या त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या. तिथे धागे वर आले होते. निळा दोरा तुटला होता. त्यांनी तो बोटाने आत दाबायचा प्रयत्न केला. बसेना.

"वैजनाथला बोलवा," त्या म्हणाल्या.

वैजनाथ आला आणि दारातच उभा राहिला.

"बस की आता. सतरंजी काय माझ्या बापाची न्हाई."

तो बसला. माफी वगैरे कोणी मागितली नाही. आमच्या वस्तीत तशी पद्धत नाही. द्वारकाबाईंनी आपल्या चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला, एवढंच.

मग त्या मॅडमकडे वळल्या. "सांगितलं, तर उरंल का?"

 मी मॅडमची बोटं पाहत होते. ती मांडीवर होती.

"माहीत नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "माझ्या वरती लोक आहेत. पण लिहिलेलं असलं तर मला त्याच्यासाठी भांडता येईल. जे नकाशात नाहीच, त्याच्यासाठी काय भांडू?"

 द्वारकाबाईंनी होकार दिला नाही. त्यांनी शेजारचा तांब्या उचलला आणि माझ्या उत्तरेच्या कोपऱ्यावर पाण्याची धार सोडली. मला एकदम गार वाटलं. ओला डाग पसरत गेला.

"हा झिरा," त्या म्हणाल्या. "ल्ह्या."

आणि मग सगळी वस्ती बोलू लागली. होळी ते मृग, एवढेच दिवस शेळ्या तिथे जातात. सकाळी ऊन चढायच्या आत जातात आणि परत येतात, कारण दिवस कलला की खोकड पाण्यावर येतं आणि शेळी ओरडली की बिथरतं. झिऱ्याच्या तोंडाशी जनावर न्यायचं नाही. पाणी खाली दगडी डोणीत सोडायचं आणि तिथे पाजायचं. गाळ वैजनाथ काढतो. मोरांची अंडी कुठे असतात ते द्वारकाबाईंना माहीत आहे, पण ते त्या सांगणार नाहीत. "मॅडमलाबी न्हाई," त्या म्हणाल्या, आणि मॅडमनी "नकाच सांगू" असं म्हणून वहीत पुढचं लिहायला घेतलं.

ते सगळं सीतारामकाकांनी वस्तीच्या कागदावर, वस्तीच्या पेनाने, दोन प्रतींत लिहिलं. प्रत्येक पानाच्या वरच्या मोकळ्या जागेवर आणि मागच्या बाजूला रेघ मारली, म्हणजे तिथे नंतर कोणाला काही टाइप करता येऊ नये. मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. मग सह्या झाल्या, सगळ्यात शेवटी. एक प्रत मॅडमनी नेली, एक कपाटावर माझ्या घडीत ठेवली. ती अजून आहे. रोज रात्री ती माझ्या पोटाला लागते आणि मला बरं वाटतं.

पक्का आराखडा फाल्गुनात आला. सगळं काही मिळालं नाही. झिऱ्याच्या आजूबाजूचं गवत कापणं बंद झालं, आणि कौशल्या अजून त्यावरून मॅडमना टोमणे मारते. पण झिऱ्यापर्यंतची वाट उघडी राहिली, होळी ते मृग, सकाळपुरती. कुंपणात एक लहान फाटक बसवलं. त्याच्या दोन किल्ल्या. एक वन चौकीत, एक विहारात.

तुम्हाला वाटेल, आता द्वारकाबाईंचा विश्वास बसला असेल. छे. त्या रोज पहाटे विहारात येतात, किल्ली घेतात, फाटकापर्यंत जातात, कुलूप उघडून बघतात आणि पुन्हा लावतात. शेळ्या न्यायच्या नसतील त्या दिवशीसुद्धा. परवा सीतारामकाकांनी विचारलं, "आज तर बोकड आजारी आहे, मग कुठे निघालात?"

"कुलूप बदललं न्हाई ना, बघून येते."

"आणि बदललं असलं तर?"

"तर तुमी कागद काढा. मी मॅडमला बोलावते. वैजनाथ दगड घेऊन हायच." हे म्हणताना त्या हसत होत्या. बहुतेक.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. माझ्या कडा उसवल्या आहेत. विहारासाठी प्लास्टिकच्या खुर्च्या घ्यायच्या असं चाललं आहे, म्हणजे मग मला कपाटावरून काढून कुठेतरी कोंबतील. जमलं तर तसं होऊ देऊ नका. मला उन्हात वाळवा, उंदरांपासून जपा, उसवलेल्या कडेला चार टाके घाला. खुर्च्यांवर माणसं ओळीने बसतात आणि एकाच दिशेला बघतात. त्यांच्यावर टेकडी मांडता येत नाही.

आणि कधी अशा बैठकीला तुम्ही माझ्यावर येऊन बसलात आणि बोटं नकळत माझा धागा ओढू लागली, तर थोडं थांबा. आपण कोणता कोपरा रिकामा ठेवतो आहोत, ते स्वतःला विचारा. भरल्या नकाशातल्या रिकाम्या जागेवर आधी कोणाची नजर जाते, हे आमच्या वस्तीने पाहिलेलं आहे.

त्या कोपऱ्यावरचा पाण्याचा डाग अजून आहे. मागच्या आठवड्यात कोणीतरी मला धुवायला काढत होतं. द्वारकाबाईंनी हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "बाकीची धू. तेवढा ऱ्हाऊ दे."